नकाशा मिलिमीटरमध्ये आणि गवंडी फुटात: घर बांधताना दोन्ही मापं कशी सांभाळायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गावाकडे वडिलोपार्जित जागेवर घर बांधताय. सातबाऱ्यावर क्षेत्र ०.०५.०० लिहिलंय आणि चुलते ‘पाच गुंठे’ म्हणतात. आर्किटेक्टने नकाशा मिलिमीटरमध्ये दिलाय, गवंडी फूट-इंचाशिवाय बोलत नाही, सळईवाला सूत सांगतो, वाळू ब्रासमध्ये येते. मग सगळ्यांना मीटरमध्येच काम करायला लावायचं, की नकाशाच फुटात करून घ्यायचा?

माझं मत आहे की यातलं काहीच करू नका. छोटी घरं आणि बंगल्यांच्या साइटवर देखरेख करणं हेच माझं रोजचं काम आहे. आयुष्यभर फुटात काम केलेल्या चांगल्या गवंड्याच्या हातात मिलिमीटरचा नकाशा देऊन ‘आता यातच मोज’ म्हटलं, की त्याचा हात अडखळतो. तो मनातल्या मनात फुटात बदल करतो आणि तो बदल आपल्याला दिसत नाही. उलट, मंजूर नकाशा फुटात फिरवून घेतला तर ग्रामपंचायत किंवा नगररचना कार्यालय, बँक, सळई, टाइल्स या सगळ्या ठिकाणी पुन्हा मीटरकडे यावंच लागतं. दोन मापं असल्यामुळे काम बिघडत नाही. बिघडतं ते एका मापातून दुसऱ्या मापात जाताना, आणि त्याहून जास्त बिघडतं ते नाव इंचाचं पण वस्तू मिलिमीटरची असते तेव्हा. तुम्हाला लक्ष ठेवायचंय ते या दोन जागांवर.

आपल्याकडे हे असं का राहिलं, हेही सांगतो. मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं-मापं टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर आणि पायली बाजारातून हटले, कारण दुकानदाराच्या तराजूवर आणि मापावर शिक्का लागतो, तपासणी होते. गवंड्याच्या टेपवर तशी नजर कोणाचीच नसते. शिवाय बोलण्यातलं नाव टिकतं आणि आतलं माप बदलतं. सराफाकडे आज आपण ‘एक तोळा’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा १० ग्रॅमच घेतो, जुना ११.६६ ग्रॅमचा तोळा नाही. बांधकामात अशी नावं जागोजागी आहेत.

फरक किती चालतो, ते वस्तूवर अवलंबून आहे. पायाच्या खड्ड्यात दोन इंच इकडे-तिकडे झाले तर कोणाचं काही अडत नाही. खिडकीच्या गाळ्यात सेंटिमीटर मोजावा लागतो आणि ओट्यावर शेगडी बसवायला मिलिमीटर. जिथे क्षेत्रफळाला दराने गुणायचं असतं तिथे छोटा फरकही रुपयांत दिसतो. म्हणून सगळीकडे सारखाच काटेकोरपणा धरू नका, पुढच्या ठिकाणी मात्र धराच.

आधी जमीन. सातबाऱ्यावरचे तीन भाग म्हणजे हेक्टर, आर आणि चौरस मीटर. तुमचं ०.०५.०० म्हणजे ५ आर, म्हणजे ५०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. खेडेगावात आर आणि गुंठा एकच धरतात आणि रोजच्या बोलण्यात त्याने बिघडत नाही. पण पाच गुंठे म्हणजे ५४४५ चौरस फूट आणि पाच आर म्हणजे ५३८२. फरक ६३ चौरस फुटांचा. खरोखर पाच गुंठे असते तर सातबाऱ्यावर ०.०५.०६ दिसलं असतं. एकरावर हाच फरक ४७ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा होतो.

चुलते खोटं बोलताहेत असा याचा अर्थ मुळीच नाही. जुन्या नोंदी एकर-गुंठ्यांत होत्या, नंतर त्या हेक्टर-आरमध्ये आल्या, आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्हींपेक्षा वेगळी असू शकते. वाटणी किंवा खरेदी-विक्रीचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या आणि नंतरचं सगळं चौरस मीटरमध्ये बोला. दस्तात ‘५ गुंठे’ एवढंच लिहू नका, चौरस मीटरचा आकडा लिहा. मुद्रांक शुल्काचे वार्षिक मूल्यदर तक्तेही चौरस मीटरवर असतात. बाजारभाव मात्र चौरस फुटाने किंवा गुंठ्याने सांगतात. क्षेत्र फुटांतून मीटरमध्ये नेताना १०.७६४ ने भागायचं आणि दर नेताना गुणायचं, इथे लोक हमखास उलटं करतात. ५०० रुपये चौरस फूट म्हणजे ५३८२ रुपये चौरस मीटर. आकडा वाढला पाहिजे, घटला तर गडबड आहे.

आता नकाशा. त्यात खोल्यांची मापं बघा. ३०५०, ३३५०, ३६६० असे आकडे असतील तर आर्किटेक्टने मुळात फुटात विचार करून ते मिलिमीटरमध्ये लिहिले आहेत: १०, ११ आणि १२ फूट. मग तुमचं काम सोपं आहे, गवंड्याला फुटात सांगा. पण ३०००, ३३००, ३६०० असे आकडे असतील तर नकाशा मीटरमध्ये आखलेला आहे, आणि तिथे ‘३६०० म्हणजे बारा फूट’ हे वाक्य साइटवर कोणालाही बोलू देऊ नका. ३६०० मिमी म्हणजे ११ फूट ९ इंच ६ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). बारा फूट म्हणजे ३६५८. एका खोलीत सव्वादोन इंच वाढतात, आणि एका ओळीत तीन खोल्या असतील तर १७३ मिमी, म्हणजे जवळजवळ सात इंच. एवढे इंच कुठून तरी येणार. ते बहुतेक शेवटच्या खोलीतून, जिन्यातून किंवा बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेतून येतात.

मोकळ्या जागेचं फार सांभाळा, कारण मंजुरी मीटरमध्ये असते आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी मोजतातही मीटरमध्येच. नकाशात पुढचं अंतर ४.५ मीटर असेल तर ते १४ फूट ९ इंचांच्या किंचित वर येतं. आखणीच्या दिवशी कोणी ‘साडेचौदा धरू’ म्हणालं तर ८० मिमी कमी पडले. ‘पंधरा धरू’ म्हणालं तर नियम पाळला गेला, पण घरातले ७२ मिमी गेले. दोन्ही चुकीचं. आखणी मीटरच्या टेपनेच करा. त्या दिवशी टेप तुमच्या इंजिनिअरच्या हातात असू द्या आणि गवंडी फक्त खुंट्या मारू द्या. सगळी मापं एकाच टोकापासून चढत्या आकड्यांत घ्या. खोलीमागून खोली वेगवेगळी मोजत गेलं की प्रत्येक खोलीतली छोटी चूक पुढच्या खोलीत जमा होत जाते.

कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत की नाही हे मात्र कोणत्याही मापाने तपासता येतं, आणि इथे गवंड्याचं कसब वापरा. एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला ४ मोजले की तिरकस अंतर ५ यायलाच पाहिजे, मग ते फूट असोत की मीटर. पूर्ण घराचे दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. ९ मीटर बाय १२ मीटरच्या चौकटीचा कर्ण १५ मीटर येतो, ३० बाय ४० फुटांचा ५० फूट. कर्ण जुळले नाहीत तर जुळेपर्यंत खोदाई सुरू करू देऊ नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, आणि तिच्यात मीटरचा संबंधही नाही. फूट-इंच लिहिण्याची आपली पद्धत. दहा फूट सहा इंच हे माप गवंडी आणि ठेकेदार वहीत ‘१०.६’ असं लिहितात. लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत असतो. तेच पान बिल करणाऱ्याकडे किंवा तुमच्याकडे गेलं आणि कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं की १०.६ फूट होतं, म्हणजे १० फूट ७ इंचांच्या वर. १० फूट ६ इंच बाय १२ फूट ९ इंच खोलीचं खरं क्षेत्र १३३.९ चौरस फूट. वहीतले आकडे तसेच गुणले, १०.६ गुणिले १२.९, तर १३६.७ येतं. एका खोलीला तीन चौरस फूट वाढले, आणि ते प्लास्टर, टाइल्स, रंग या प्रत्येक बिलात पुन्हा वाढतात.

त्याहून वाईट म्हणजे दहा फूट दहा इंच. वहीत ते ‘१०.१०’ होतं आणि कॅल्क्युलेटर त्याचं १०.१ करतो. खरं माप १०.८३ फूट आहे. इथे ठेकेदाराचं नुकसान होतं. मग बिलावरून वाद सुरू होतो आणि दोघेही प्रामाणिक असतात. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून घ्या: फुटाच्या मापात टिंब वापरायचंच नाही. १०’-६” असं लिहा, किंवा ‘१० फू ६ इं’ असं लिहा. क्षेत्रफळ काढताना इंचांना १२ ने भागून मगच गुणा: ३ इंच म्हणजे .२५, ६ म्हणजे .५, ९ म्हणजे .७५. बाकीचे इंचही काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मिलिमीटरचं एक मोठं सुख हेच आहे की त्यात टिंब येतच नाही.

सळईकडे येऊ. एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी. बाजारात ‘तीन सूत’ म्हणजे १० मिमी, ‘चार सूत’ म्हणजे १२, ‘पाच सूत’ म्हणजे १६, ‘सहा सूत’ म्हणजे २०. पण आकडेमोडीत चार सूत १२.७ मिमी येतात आणि सहा सूत १९.०५. म्हणजे सूत हे इथे टोपणनाव आहे, सळई मिलिमीटरमध्येच तयार होते. टोपणनावाने बोलायला हरकत नाही, हिशोब त्याच्यावर करू नका. १२ मिमी सळईचं वजन मीटरला ०.८८९ किलो, म्हणजे १२ मीटरची पूर्ण सळई १०.६७ किलो. तिलाच कोणी अर्धा इंच समजून वजन काढलं तर जवळजवळ १२ किलो येतं आणि तुमचा स्टीलचा अंदाज १२ टक्क्यांनी फुगतो. सूत्र सोपं आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलो प्रति मीटर. मागणी नेहमी मिलिमीटरमध्ये लेखी द्या, आणि माल उतरताना सळईवर उमटवलेला आकडा वाचा.

रिंगांच्या, म्हणजे कॉलम-बीमच्या सळयांभोवती बांधायच्या कड्यांच्या, अंतराबद्दल मात्र मी आग्रह धरत नाही. ड्रॉइंगमध्ये १५० मिमी असेल आणि फिटरने सहा इंचाला रिंग बांधली तर ती १५२ वर येते. १०० मिमीला चार इंच, १२५ ला पाच इंच, हे सगळं चालतं. फिटरच्या हातात जे माप बसलेलं आहे त्यात तो एकसारखं काम करतो आणि एकसारखेपणा इथे दोन मिलिमीटरपेक्षा मोलाचा आहे. फक्त कॉलमच्या टोकांजवळ आणि बीमच्या टेकूंजवळ रिंगा जवळजवळ मागितलेल्या असतात. तिथे ‘सगळीकडे सहा’ होऊ देऊ नका. सळईवरचं कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, तर मोजत बसूच नका, त्या मापाचे तयार कव्हर ब्लॉक आणा: स्लॅबला २०, बीमला २५, कॉलमला ४० मिमी. ब्लॉक बसवला की इंच-मिलिमीटरचा वादच उरत नाही. आकडे तुमच्या ड्रॉइंगमध्ये वेगळे असतील तर ड्रॉइंगचे धरा.

आता टाइल्स. इथे घरमालक हमखास फसतात आणि दुकानदाराने फसवलेलंही नसतं. ‘दोन बाय दोन’ टाइल दोन फुटांची नसते. ती ६०० बाय ६०० मिमी असते. दोन फूट म्हणजे ६०९.६. एका टाइलमागे साडेनऊ मिमी कमी. प्लास्टर ते प्लास्टर बरोबर बारा फुटांची खोली घ्या. सहा टाइल्स अगदी बसतील असं वाटतं. लावायला गेलं की ३६०० अधिक सांध्यांचे दहा-बारा मिमी, आणि भिंतीजवळ ४५ मिमीची, म्हणजे पावणेदोन इंचांची पट्टी उघडी राहते. एवढी बारीक पट्टी कापताना टाइल तुटते आणि लावली तरी वाईट दिसते. तेव्हा मी टाइलवाल्याला मध्यातून मांडायला सांगतो: पाच अख्ख्या टाइल्स मधे आणि दोन्ही भिंतींकडे साधारण ३२ सेंटिमीटरचा एकेक तुकडा. दिसायला नेटकं होतं, पण एका ओळीला सहाऐवजी सात टाइल्स लागतात, कारण ३२ सेंटिमीटरचे दोन तुकडे एका टाइलमधून निघत नाहीत. तुमचा नकाशा मीटरमधला असेल आणि प्लास्टरनंतर खोली ३६०० पेक्षा थोडी कमी राहणार असेल, तर सहावी टाइल जराशी कापून ओळ पूर्ण होते. हे सगळं विटा लावण्याआधी कागदावर बघता येतं.

बॉक्सचा हिशोबही असाच. चार टाइल्सच्या बॉक्सवर १.४४ चौरस मीटर छापलेलं असतं. ते १५.५ चौरस फूट होतं. बोलताना सगळे ‘बॉक्सला सोळा फूट’ धरतात. ८०० चौरस फुटांना सोळाच्या हिशोबाने ५० बॉक्स, खऱ्या हिशोबाने ५२, आणि तुटफुटीचे वेगळे. कमी पडले म्हणून महिन्याभराने आणलेले दोन बॉक्स वेगळ्या बॅचचे निघतात, शेड जुळत नाही. एकाच वेळी, एकाच बॅचचा माल घ्या आणि चौरस मीटर धरूनच मोजा.

पाइपमध्ये इंच हे माप मानूच नका, ते नाव समजा. अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास १५.९ मिमी असतो आणि अर्ध्या इंची यूपीव्हीसीचा २१.३ मिमी. दोघांवर ½ लिहिलेलं असलं तरी एकाचं फिटिंग दुसऱ्याला बसत नाही. संडासच्या पाइपला चार इंची म्हणतात, तो ११० मिमीचा असतो. शेतातल्या पाइपलाइनचा ६३ मिमी म्हणजे ‘दोन इंची’, ७५ म्हणजे ‘अडीच’, ९० म्हणजे ‘तीन’. प्लंबरला माप बोलून सामान मागवण्यापेक्षा जुन्या पाइपचा तुकडा हातात देऊन दुकानात पाठवा, किंवा पाइपवर छापलेल्या ओळीचा फोटो पाठवा.

वाळू-खडीच्या ब्रासबद्दल फार बोलायचं नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. गाडीचा हौदा आतून टेपने मोजा, लांबी-रुंदी-भरलेली उंची फुटांत गुणा आणि शंभराने भागा. क्रशरवरून माल काट्यावर टनांत आला तर त्याच दिवशी हौदाही मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या गाड्यांना तुमच्याकडे स्वतःचं प्रमाण असेल. एक गोष्ट करारात स्पष्ट करा: प्लास्टर आणि फरशीच्या कामात ठेकेदार ‘ब्रास’ म्हणतो तेव्हा तो १०० चौरस फूट म्हणत असतो. दरपत्रकात ‘ब्रास’ दोनदा आला असेल तर प्रत्येकासमोर घनफूट की चौरस फूट ते लिहून घ्या. मजुरी चौरस फुटावर ठरवली असेल तर ती स्लॅबच्या मापावर आहे, की आतल्या मापावर, छज्जा आणि बाल्कनी धरून की सोडून, हेही. यातले वाद मेट्रिकमध्ये गेल्याने मिटत नाहीत, लिहिल्याने मिटतात.

पाण्याच्या टाकीसाठी एकच आकडा पुरतो: एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. जमिनीखालची टाकी आतून सहा बाय पाच फूट आणि पाणी चार फूट उभं राहणार असेल तर १२० घनफूट, म्हणजे ३४०० लिटरच्या आसपास.

शेवटी सुतार. इथे माझा सल्ला उलटा आहे. प्लायवूडचा ताव आठ बाय चार फुटांचा असतो, २४४० बाय १२२० मिमी, म्हणजे इथे फूट खरंच फूट आहे. कपाटं, पलंग, दारं सुताराला त्याच्या इंच-सुतात करू द्या. प्लायची जाडी मात्र मिलिमीटरमध्ये विचारा, कारण १८ आणि १९ दोन्ही ‘सहा सुती’ म्हणून खपतात, आणि दोन्ही प्रकार एकाच कपाटात आले तर शटर एका रेषेत बसत नाहीत. कंपनीतून तयार येणारी वस्तू जिथे बसवायची तिथे सुताराने आणि ग्रॅनाइटवाल्याने मिलिमीटरच वापरला पाहिजे. शेगडीच्या पत्रकात ओट्याचा काप ५६० मिमी दिलेला असतो. ‘बावीस इंच’ कापलं तर ते ५५८.८ होतं आणि शेगडी खाली उतरत नाही. तो एक मिमी घासून काढता येतो म्हणून निभावतं, पण साडेबावीस कापलं तर ग्रॅनाइट वाया जातो. म्हणून शेगडी, चिमणी, सिंक आणि डिशवॉशर आधी घरात आणून ठेवा, किंवा निदान त्यांची पत्रकं छापून घ्या, आणि ओट्याचा काप त्यावरूनच मारायला लावा.

मग तुम्ही प्रत्यक्षात काय करायचं? आर्किटेक्टचा नकाशा मिलिमीटरमध्येच राहू द्या. गवंड्यासाठी एक वेगळा कागद करून घ्या: प्रत्येक खोली, दार, खिडकी, भिंतीची जाडी, फूट-इंच-सुतात. हा बदल एकाच माणसाने, तुमच्या आर्किटेक्टने किंवा इंजिनिअरने, एकदाच करावा आणि खाली सही करावी. साइटवर कोणी तोंडी बदल करायचा नाही. आणि बदललेल्या आकड्यावरून पुन्हा उलटा बदल करायचा नाही. ३६०० चं बारा फूट झालं आणि मग बारा फुटांचं ३६५८ झालं, असा प्रवास मी अनेक साइटवर पाहिलाय. शंका आली की थेट मूळ नकाशावर जायचं. नकाशातल्या प्रत्येक मापाशेजारी कंसात फूट लिहून घेणारेही बरेच असतात. मला ते पटत नाही, कारण कंसातला आकडा गोल केलेला असतो आणि साइटवर सगळे तोच वाचतात.

त्या कागदावर माप विटेपासून विटेपर्यंत आहे की प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत, हे वर मोठ्या अक्षरात असू द्या. नऊ इंची भिंत नकाशात २३० असते, पण आतून १२ आणि बाहेरून २० मिमी प्लास्टर चढल्यावर ती २६० च्या वर जाते. फर्निचरचं माप विटांवरून घेतलं तर कपाट खोलीत बसणार नाही.

टेप दोन घ्या: आखणीसाठी ३० मीटरची आणि खिशात ठेवायला ५ मीटरची. दोन्हींवर एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर हवेत. गवंड्याची, सुताराची आणि तुमची टेप एकदा शेजारी-शेजारी अंथरून तपासा. जुन्या टेपचा टोकाचा हूक सैल झालेला असेल तर दोन-तीन मिमी तिथेच जातात. तुमचा गवंडी अनुभवी दिसतोय. त्याला हा कागद हातात देऊन पहिली खोली त्याच्याकडूनच मोजून घ्या, आणि ३६०० चं माप त्याने ११ फूट ९ इंच ६ सुतांवर धरलं की पुढच्या खोल्या त्याच्यावर सोपवा.